पायथनमध्ये लूपच्या आत त्रिमितीय अ‍ॅरे भरताना सर्व तालुक्यांचे आकडे एकसारखे का होतात?

करवीर-भूगोल (प्रश्न)

नमस्कार. मी कोल्हापुरात पदवीच्या वर्गांना भूगोल शिकवतो आणि सध्या विद्यार्थ्यांच्या एका गटाबरोबर जिल्ह्यातील बाराही तालुक्यांच्या पावसाळ्यातील दैनिक पर्जन्याचा अभ्यास करतो आहे. आम्ही २०१४ ते २०२३ अशी दहा वर्षे घेतली असून प्रत्येक वर्षी १ जून ते ३० सप्टेंबर हे १२२ दिवस धरले आहेत. प्रत्येक वर्षाची स्वतंत्र फाइल आहे आणि तिच्या प्रत्येक ओळीत तालुक्याचे नाव, तारीख आणि मिलिमीटरमधील पाऊस एवढीच माहिती आहे. गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी या पश्चिमेकडील तालुक्यांत पडलेल्या पावसाचा परिणाम राजाराम बंधाऱ्याजवळच्या पंचगंगेच्या पातळीवर किती दिवसांनी दिसतो, हे आम्हाला तपासायचे आहे. नदी ३९ फुटांची इशारा पातळी आणि ४३ फुटांची धोका पातळी कशा पावसानंतर ओलांडते, हा प्रश्न २०१९ आणि २०२१ चे महापूर पाहिलेल्या या मुलांसाठी केवळ पुस्तकातला नाही.

यासाठी वर्ष, तालुका आणि दिवस अशा तीन मितींचा, म्हणजे क्रमांकांनी ओळखायच्या खान्यांचा, एक अ‍ॅरे करावा असे आम्ही ठरवले. कोडमधले शब्द इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितो. आधी शून्ये भरलेली रिकामी रचना अशी केली:

पाऊस = [[[०] * १२२] * १२] * १०

त्यानंतर एकात एक लूप चालवून प्रत्येक नोंद पाऊस[व][त][द] या जागी ठेवली (व, त, द म्हणजे वर्ष, तालुका आणि दिवस यांचे क्रमांक). तालुके वर्णानुक्रमे लावल्यामुळे आजरा ० क्रमांकावर, गगनबावडा ३ वर आणि हातकणंगले शेवटी ११ वर आहे. कोड कोणतीही तक्रार न करता पूर्ण चालला. पण शेवटी छापून पाहिले, तर बाराही तालुक्यांच्या आणि दहाही वर्षांच्या ओळींत २०२३ मधील हातकणंगल्याचे आकडे दिसतात. सह्याद्रीच्या माथ्यावरील गगनबावड्याला हातकणंगल्याइतकाच पाऊस पडला असे दाखवणारा तक्ता मुलांनीही पाहताक्षणी चुकीचा ठरवला.

मग आम्ही नमपाय (पायथनमधील गणितासाठीचे तयार साधन, कोडमध्ये थोडक्यात ‘एनपी’) वापरून रिकाम्या अ‍ॅरेपासून सुरुवात केली आणि लूपमध्ये दर नोंदीला एनपी.अपेंड लावले. त्यात आकडे बरोबर आले, परंतु तिन्ही मिती नाहीशा होऊन एकच लांबलचक ओळ तयार झाली, आणि नोंदी वाढत गेल्या तसतसा कोडही संथ होत गेला. या दोन्ही गोष्टींचे कारण काय आणि अशी रचना लूपमध्ये उभी करण्याची योग्य पद्धत कोणती, हे कोणी सविस्तर सांगू शकेल का?


उद्यमनगर-कोडर

सर, पहिल्या प्रश्नाचे उत्तर लूपमध्ये नसून लूपच्या आधीच्या त्या एका ओळीत आहे. तुमचा लूप त्याचे काम बरोबर करतो. त्याला भरण्यासाठी दिलेली रचनाच दिसते तशी नाही.

पायथनमध्ये लिस्टला एखाद्या संख्येने गुणले, की आतल्या वस्तूच्या नव्या प्रती तयार होत नाहीत, तर त्याच वस्तूकडे बोट दाखवणारे निर्देश तितक्या वेळा लिहिले जातात. सर्वात आतले [०] * १२२ हे निरुपद्रवी आहे, कारण शून्य ही बदलता न येणारी किंमत आहे आणि आपण एखाद्या खान्यात ८४ ठेवतो तेव्हा फक्त त्या खान्यातला निर्देश बदलतो. पण पुढे त्या १२२ खान्यांच्या लिस्टला १२ ने गुणले, की बारा लिस्ट होत नाहीत. एकच लिस्ट राहते आणि तिच्याकडे जाणाऱ्या बारा वाटा तयार होतात. त्याला पुन्हा १० ने गुणले, की तालुक्यांची ती एकच लिस्ट दहा वर्षांच्या नावाने दिसू लागते. एकाच घराच्या दारावर बारा जणांच्या पाट्या लावल्या तरी आत घर एकच असते, तशी ही स्थिती आहे. तुम्हाला १० × १२ × १२२ म्हणजे १४,६४० खाने हवे होते. प्रत्यक्षात मेमरीत १२२, १२ आणि १० असे मिळून अवघे १४४ खाने तयार झाले.

म्हणून तुम्ही गगनबावड्याच्या नावाने जे लिहिले ते त्याच १२२ खान्यांत गेले, आणि नंतर राधानगरी, शाहूवाडी, शिरोळ यांनी एकामागोमाग ते पुसले. सर्वात शेवटी ज्याची पाळी आली ते २०२३ मधील हातकणंगले तेवढे शिल्लक राहिले. इथे एक धोका आणखी आहे, आणि तो मला अधिक गंभीर वाटतो. त्या शेवटच्या फाइलमध्ये हातकणंगल्याच्या एखाद्या दिवसाची नोंदच नसेल, तर त्या खान्यात आधीच्या कोणत्या तरी तालुक्याचा किंवा वर्षाचा आकडा तसाच राहिलेला असेल. म्हणजे तुमच्या तक्त्यातली ओळ पूर्णपणे हातकणंगल्याची आहे, असेही खात्रीने म्हणता येणार नाही.

उपाय असा, की प्रत्येक वर्षासाठी आणि प्रत्येक तालुक्यासाठी आतली लिस्ट नव्याने तयार झाली पाहिजे. लिस्ट कॉम्प्रिहेन्शनमध्ये (कंसातच फॉर लिहून लिस्ट बनवण्याच्या पद्धतीत) आतला भाग प्रत्येक फेरीला पुन्हा चालवला जातो, त्यामुळे ती आपोआप नवी होते:

पाऊस = [[[०] * १२२ फॉर त इन रेंज(१२)] फॉर व इन रेंज(१०)]

यात [० * १२२] असे न लिहिता [०] * १२२ असेच लिहावे; कंस चुकला तर १२२ शून्यांऐवजी एकच शून्य मिळेल. रचना खरोखर स्वतंत्र झाली की नाही हे पाहण्यासाठी पाऊस[०][०] इज पाऊस[०][१] असे विचारावे. उत्तर ट्रू आले तर दोन्ही नावे एकाच लिस्टची आहेत आणि फॉल्स आले तर त्या वेगळ्या आहेत. हीच तपासणी पाऊस[०] आणि पाऊस[१] यांच्यासाठीही करावी, कारण तालुके वेगळे झाले तरी वर्षे जोडलेली राहू शकतात. खरे आकडे भरण्याआधी एका खान्यात ८४ ठेवावे आणि ते इतरत्र कुठे दिसते का हे पाहावे. मुलांना शिकवताना ही चाचणी सर्वात लवकर पटते.

याच चुकीचे दुसरे रूपही लक्षात असू द्या. लूपच्या बाहेर ओळ = [] असे एकदाच लिहून, दर फेरीला ती क्लिअर करून, भरून आणि मोठ्या लिस्टला अपेंड केली, तर मोठ्या लिस्टमध्ये तीच ओळ पुन्हा पुन्हा जाते आणि शेवटी सगळीकडे शेवटची फेरी दिसते. ओळ = [] हे विधान लूपच्या आत, आतला लूप सुरू होण्याच्या लगेच आधी असले पाहिजे. त्रिमितीय रचनेची प्रत काढायची झाल्यास साधी कॉपी पुरत नाही, कारण ती फक्त बाहेरचा थर नवा करते आणि आतले थर जुनेच ठेवते. तिथे सर्व थर नवे करणारी डीपकॉपी लागते.

जावास्क्रिप्टमध्ये अ‍ॅरे(१२).फिल([]) लिहिल्यावरही नेमके असेच होते, त्यामुळे हा केवळ पायथनचा स्वभाव आहे असे समजू नये.


राजारामपुरी-डेटा

दुसऱ्या प्रश्नाबद्दल मी लिहितो. एनपी.अपेंड हे नाव लिस्टच्या अपेंडसारखे असले तरी त्याचे काम अगदी वेगळे आहे. नमपायचा अ‍ॅरे मेमरीत सलग आणि ठरलेल्या आकाराच्या जागेत असतो. एनपी.अपेंड त्या अ‍ॅरेच्या शेवटी काही जोडत नाही. ते एक मोठा नवा अ‍ॅरे तयार करते, जुने सर्व आकडे त्यात उतरवते, शेवटी नवा आकडा लिहिते आणि तो नवा अ‍ॅरे परत देते. दर नोंदीला हे सगळे पहिल्यापासून होते. तुमच्या १४,६४० नोंदींसाठी आधीचे आकडे पुन्हा उतरवण्याची एकूण कामे सुमारे १० कोटी ७१ लाख होतात. उद्या तुम्ही दैनिक नोंदींऐवजी दर तासाच्या नोंदी घेतल्या, तर नोंदी २४ पट होतील, पण हे उतरवण्याचे काम ५७६ पट होऊन सुमारे ६,१७२ कोटींवर जाईल. कोड हळूहळू संथ होत गेला असे तुम्हाला जे जाणवले, त्याचे कारण हेच आहे.

मिती नाहीशा होण्याचे कारणही त्याच फंक्शनमध्ये आहे. अ‍ॅक्सिस (कोणत्या मितीवर काम करायचे ते) सांगितला नाही, तर एनपी.अपेंड दोन्ही अ‍ॅरे आधी सपाट करते आणि मगच जोडते. अ‍ॅक्सिस दिला तर मिती टिकतात, पण तेव्हा जोडायच्या तुकड्याचा आकार बाकीच्या मितींशी तंतोतंत जुळावा लागतो, आणि एकेक आकडा जोडताना तो कधीच जुळणार नाही.

तुमच्या बाबतीत तिन्ही मितींची लांबी लूपच्या आधीच माहीत आहे. मग रचना वाढवत नेण्याचे कारणच उरत नाही. आधी पूर्ण आकाराचा अ‍ॅरे करा आणि लूपकडे फक्त प्रत्येक आकडा त्याच्या जागी ठेवण्याचे काम द्या:

पाऊस = एनपी.फुल((१०, १२, १२२), एनपी.नॅन)

आणि लूपच्या आत पाऊस[व, त, द] = मिमी. दर आकड्याला ८ बाइट धरले तरी हा सगळा अ‍ॅरे १,१७,१२० बाइटांचा, म्हणजे सुमारे ११४ किलोबाइटचा होतो. मोबाइलवर काढलेला एखादा फोटोही याहून कितीतरी मोठा असतो.

मी इथे मुद्दाम शून्य न वापरता नॅन (‘आकडा नाही’ असे सांगणारी खूण) वापरले आहे. एनपी.झीरोज वापरले, तर न भरलेला खाना आणि पाऊस न पडलेला दिवस यांत पुढे काहीही फरक करता येणार नाही. एनपी.एम्प्टी हे नाव पाहून ते रिकामे खाने देते असा समज होतो, परंतु ते फक्त जागा राखून ठेवते. तिथे आधी मेमरीत जे काही पडलेले असेल ते आकडे म्हणून दिसते, आणि एखादा खाना भरायचा राहिला तर ते निरर्थक आकडे तुमच्या सरासरीत मिसळतात. प्रत्येक खाना नक्की भरला जाणार अशी खात्री असेल तरच ते वापरावे. शिवाय अ‍ॅरे पूर्णांकांचा करू नका. पूर्णांकांच्या अ‍ॅरेत १२.६ ठेवले तर कोणतीही सूचना न देता १२ राहते, आणि नॅन तर त्यात बसतच नाही.


करवीर-भूगोल

दोघांचेही मनापासून आभार. इज वापरून केलेली तपासणी मुलांसमोर केली आणि कारण सर्वांच्या लगेच लक्षात आले.

नोंद नसलेल्या दिवसांबद्दल आपण जे लिहिले त्यावरून एक गोष्ट विचारतो. काही तालुक्यांच्या फायलींत मधले काही दिवस गाळलेले आहेत. त्यामुळे एखाद्या तालुक्याच्या १२२ नोंदी असतात, तर एखाद्याच्या कमी. आम्ही लूपमध्ये फक्त असलेल्या नोंदी लिस्टला जोडल्या आणि शेवटी एनपी.अ‍ॅरे केले, तर ते एका संगणकावर चालले आणि दुसऱ्यावर व्हॅल्यूएरर देऊन थांबले. हा फरक का पडतो? आणि लिस्ट वापरण्याची पद्धतच मुळात चुकीची आहे का?


रंकाळा-पायथन

लिस्टची पद्धत चुकीची नाही, आणि वरच्या उत्तरातला आग्रह मला थोडा एकांगी वाटला. पायथनच्या लिस्टला अपेंड करणे स्वस्त असते. जागा संपली की पायथन गरजेपेक्षा साधारण एक अष्टमांश जास्त जागा घेऊन ठेवते, त्यामुळे पुढच्या बऱ्याच अपेंडना काहीही हलवावे लागत नाही. नोंदी किती येणार हे आधी माहीत नसेल, उदाहरणार्थ एखादे उपकरण सतत आकडे पाठवत असेल किंवा फाइल किती मोठी आहे हे कळत नसेल, तर लूपमध्ये लिस्ट भरून लूप संपल्यावर एकदाच एनपी.अ‍ॅरे करणे हीच योग्य पद्धत आहे. टाळायचे आहे ते लूपच्या आत नमपायचा अ‍ॅरे वाढवणे.

पण तुमच्या कामाला ही पद्धत योग्य नाही, आणि त्याचे कारण वेग हे नाही. अपेंड केलेल्या लिस्टमध्ये आकड्याची जागा ही तो कितवा आला यावर ठरते. गगनबावड्याच्या फाइलमध्ये ५ जुलैची नोंद गाळलेली असेल, तर ६ जुलैचा पाऊस ५ जुलैच्या जागी बसतो आणि तिथून ३० सप्टेंबरपर्यंतचा प्रत्येक आकडा एक दिवस अलीकडे सरकतो. तुमचा सगळा प्रश्नच पाऊस आणि नदीची पातळी यांतील दिवसांच्या अंतराचा आहे. अशा अभ्यासात एका गाळलेल्या ओळीने उत्तरच बदलते आणि कुठेही त्रुटी दिसत नाही.

दोन संगणकांवरील फरक नमपायच्या आवृत्तीमुळे आहे. आतल्या लिस्टची लांबी असमान असेल, तर जुन्या आवृत्त्या त्या लिस्टनाच वस्तू समजून ऑब्जेक्ट प्रकारचा अ‍ॅरे करत असत, ज्यावर गणिते धड होत नाहीत. १.१९ पासून त्याबद्दल इशारा दिला जाऊ लागला आणि १.२४ पासून थेट व्हॅल्यूएरर येतो. थांबणारा संगणक तुमच्या हिताचे काम करतो आहे; न थांबलेल्या संगणकावरचा निकाल वापरू नका.

म्हणून दिवसाचा क्रमांक तारखेवरूनच काढा. नोंदीच्या तारखेतून त्याच वर्षाचा १ जून वजा केला, की १ जूनला ०, १ जुलैला ३०, १ ऑगस्टला ६१, १ सप्टेंबरला ९२ आणि ३० सप्टेंबरला १२१ मिळतो. वर्षातला कितवा दिवस हे देणारे तयार फंक्शन वापरून त्यातून ठरावीक १५२ वजा करण्याचा मोह होतो, पण तो टाळावा. साध्या वर्षी १ जून हा १५२ वा दिवस असतो आणि लीप वर्षी १५३ वा. तुमच्या दहा वर्षांत २०१६ आणि २०२० ही दोन लीप वर्षे आहेत. त्या दोन वर्षांचा सगळा पाऊस एक खाना पुढे सरकेल आणि ३० सप्टेंबरचा क्रमांक १२२ येऊन अ‍ॅरेच्या बाहेर पडेल. निदान तेव्हा इंडेक्सएरर येईल, ही त्यातली बरी बाजू. मात्र क्रमांक उणे आला तर तोही आधार नाही. फाइलमध्ये चुकून ३१ मेची नोंद असेल, तर तिचा क्रमांक उणे १ येतो आणि पायथन तो मुकाट्याने शेवटचा खाना, म्हणजे ३० सप्टेंबर, समजते. त्यामुळे खाना भरण्याआधी क्रमांक ० ते १२१ यांच्या दरम्यान आहे याची अट घालावी.

आणखी एक अट घालावी. खान्यात लिहिण्याआधी तो अजून नॅन आहे का हे एनपी.इजनॅन ने विचारा. नसेल तर त्या तालुक्याची त्या दिवसाची नोंद फाइलमध्ये दोनदा आली आहे. अशी दुहेरी नोंद आकडे हाताने भरलेल्या फायलींत हमखास सापडते, आणि दोन आकडे वेगळे असतील तर कोणता खरा हे माणसानेच ठरवावे लागते. लूपने शेवटचा आकडा परस्पर ठेवू नये.


शाहूपुरी-वेब

पीएचपीत काम करणाऱ्यांना हा धागा सापडला तर उपयोगी पडावे म्हणून थोडे लिहितो. पीएचपीत पाऊस[वर्ष][तालुका][दिवस] असे थेट लिहिले, की मधले थर नसल्यास ते आपोआप तयार होतात, आणि एक अ‍ॅरे दुसऱ्याला दिला की किंमत म्हणून दिला जातो. म्हणून वर सांगितलेला सामाईक ओळीचा घोटाळा तिथे सहसा होत नाही. निर्देशाचे चिन्ह मुद्दाम वापरले तरच होतो.

तिथला धोका किल्लीचा आहे. पीएचपीचा अ‍ॅरे म्हणजे क्रम राखणारा किल्ली-किंमत संच असतो. मजकूर स्वरूपातील "५" ही किल्ली पूर्णांक ५ होते, पण "०५" ही मजकूरच राहते. एका फाइलमध्ये तारीख ०५ अशी आणि दुसरीत ५ अशी असेल, तर एकाच दिवसाचे दोन खाने तयार होतात आणि बेरीज अर्धवट येते. तारखेचे भाग किल्ली म्हणून वापरण्याआधी पूर्णांकात बदलून घ्यावेत.


राजारामपुरी-डेटा

रंकाळा-पायथन यांचा लिस्टबद्दलचा मुद्दा मला मान्य आहे. संख्या माहीत नसताना तीच पद्धत योग्य. माझा आग्रह या प्रश्नापुरता होता, जिथे आकार आधीच ठरलेला आहे.

नॅन वापरल्यावर पुढे काय काळजी घ्यायची हे लिहायचे राहिले. साधी एनपी.सम वापरली तर एका नॅनमुळे सगळी बेरीज नॅन होते. म्हणून एनपी.नॅनसम(पाऊस, अ‍ॅक्सिस=२) वापरतात, आणि त्यातून वर्ष × तालुका असा १० × १२ चा तक्ता मिळतो. परंतु नॅनसमची एक सवय ध्यानात ठेवावी: एखाद्या तालुक्याच्या एखाद्या वर्षाची सगळीच नोंद नसेल, म्हणजे १२२ खाने नॅन असतील, तर ती बेरीज ० देते. आपण शून्य आणि नोंद नसणे यांत जपलेला फरक तिथे पुन्हा पुसला जातो. त्यामुळे बेरजेबरोबर भरलेल्या खान्यांची संख्या दाखवणारा दुसरा तक्ताही काढावा आणि किमान किती दिवसांची नोंद असेल तर बेरीज ग्राह्य धरायची, हे तुम्ही भूगोलाचे अभ्यासक म्हणून ठरवावे. जुलै-ऑगस्टमधील दहा दिवस गहाळ असणे आणि सप्टेंबरअखेरचे दहा दिवस गहाळ असणे यांचे वजन सारखे नाही, हे आम्हा प्रोग्रामरांपेक्षा तुम्हाला अधिक ठाऊक आहे.

अभियांत्रिकीचे काही विद्यार्थी तुमच्या गटात असतील आणि ते मॅटलॅब वापरत असतील, तर त्यांनाही हे सांगा. मॅटलॅबमध्ये अ‍ॅरेच्या बाहेरच्या जागी काही लिहिले, की अ‍ॅरे आपोआप मोठा होतो आणि मधले खाने शून्यांनी भरले जातात. सोय चांगली आहे, पण पावसाच्या नोंदींसाठी ती घातक आहे, कारण न मोजलेला दिवस कोरडा दिवस म्हणून नोंदला जातो.


करवीर-भूगोल

आपण सांगितल्याप्रमाणे नॅनने भरलेला अ‍ॅरे, तारखेवरून काढलेला क्रमांक आणि दोन्ही अटी अशा पद्धतीने कोड पुन्हा लिहिला. दुहेरी नोंदी खरोखरच निघाल्या आणि त्या मुलांनी मूळ कागदांवरून तपासायला घेतल्या आहेत. गगनबावड्याची ओळ आता गगनबावड्यासारखी दिसते.

शेवटचे दोन प्रश्न विचारतो. वर्ष, तालुका, दिवस हाच मितींचा क्रम योग्य आहे का? आणि पावसाशी नदीच्या पातळीची तुलना एक, दोन, तीन दिवसांच्या अंतराने करायची, तर ते अ‍ॅरेमध्ये कसे करावे? पातळीचा अ‍ॅरे आम्ही वर्ष × दिवस असा १० × १२२ चा केला आहे. एका विद्यार्थ्याने एनपी.रोल सुचवले आहे.


रंकाळा-पायथन

क्रम योग्य आहे. नमपाय सर्वसाधारणपणे सी भाषेच्या रीतीने आकडे ठेवते, म्हणजे शेवटच्या मितीचे आकडे मेमरीत एकमेकांशेजारी असतात. तुम्हाला बहुतेक वेळा एका तालुक्याची एका वर्षाची सलग १२२ दिवसांची ओळ लागणार आहे; ती या क्रमात ९७६ बाइटांच्या सलग तुकड्यात मिळते. फोरट्रान आणि मॅटलॅबमध्ये रीत उलटी आहे, तिथे पहिल्या मितीचे आकडे शेजारी असतात, म्हणून तिथे दिवस पहिल्या मितीवर घ्यावा. १४,६४० आकड्यांना याचा वेगात काही फरक जाणवणार नाही. दर तासाच्या नोंदी आणि प्रत्येक मंडळाचे आकडे घेतले, तर जाणवू लागेल.

एनपी.रोल मात्र या कामासाठी वापरू नका. ते ओळीच्या टोकाचे आकडे उचलून दुसऱ्या टोकाला आणून ठेवते. पाऊस दोन दिवस पुढे सरकवला, की २९ आणि ३० सप्टेंबरचा पाऊस १ आणि २ जूनच्या जागी येऊन बसेल. अ‍ॅक्सिस सांगितला नाही तर सगळा अ‍ॅरे सपाट धरून तो सरकवला जातो आणि एका तालुक्याचा पाऊस शेजारच्या तालुक्याच्या ओळीत शिरतो. त्याऐवजी दोन्ही अ‍ॅरे कापून घ्यावेत. दोन दिवसांच्या अंतरासाठी पाऊस[:, ३, :-२] हा गगनबावड्याचा पाऊस आणि पातळी[:, २:] ही पातळी घ्या. दोन्हींचा आकार १० × १२० होतो, प्रत्येक पावसासमोर दोन दिवसांनंतरची पातळी येते आणि एका वर्षाचा शेवट दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला कधीच चिकटत नाही. अंतर ० असेल तेव्हा उणे शून्य म्हणजे शून्यच असल्यामुळे :-० ने रिकामा तुकडा मिळतो. म्हणून लूपमध्ये :-अं ऐवजी :१२२-अं असे लिहावे (अं म्हणजे दिवसांचे अंतर).

अंतर मोजताना नोंदीची वेळही पाहावी लागेल. भारतीय हवामान विभागाच्या प्रमाण पद्धतीत सकाळी साडेआठला मागील २४ तासांचा पाऊस मोजून तो त्या दिवसाच्या तारखेला लिहितात. म्हणजे १ जुलैच्या खान्यातला बराचसा पाऊस प्रत्यक्षात ३० जूनला पडलेला असतो. तुमच्या फायली त्या पद्धतीच्या असतील आणि पातळी मात्र त्याच दिवशी संध्याकाळची घेतली असेल, तर अ‍ॅरेमध्ये शून्य दिसणारे अंतर प्रत्यक्षात शून्य नसते. पातळीही सकाळी आठच्या सुमाराची घ्यावी, म्हणजे दोन्ही मोजमापे एकाच वेळेवर येतील.

अ‍ॅरे एनपी.सेव्ह ने जपून ठेवताना तालुक्यांची बारा नावे त्याच क्रमाने वेगळ्या फाइलमध्ये ठेवा आणि कोड सुरू होताना क्रम तिथूनच वाचून घ्या. अ‍ॅरेला ३ म्हणजे गगनबावडा हे माहीत नसते. पुढच्या वर्षीच्या गटातील कोणी तालुके पूर्व-पश्चिम लावले, तर आकडे तेच राहतील आणि नावे बदलतील.